अक्कांनी तोडलेली वाट

परळीला लेकीच्या घरी गच्चीवर धुणं झटकत होते. तिथं वाळत घातलेलं धुणं घडी घालण्याआधी झटकावंच लागतं, वीजकेंद्राची राख बसते. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी खालून हाक दिली, "उज्वलाच्या आई, गावाकडून फोन आलाय." आमच्या ह्यांना फोनवर बोलायची रीत माहीत नाही. समोरचा माणूस शेताच्या पलीकडच्या बांधावर उभा असल्यासारखे ओरडतात. त्या दिवशी मात्र ते अगदी हळू बोलले. "अक्का गेल्या," म्हणाले. मी विचारलं, "कुठं गेल्या?" कारण अक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई, सदा कुठं ना कुठं गेलेल्याच असायच्या... तळ्यावर, अंबाजोगाईला, नाहीतर कुणाच्या तरी दारात भांडायला.  मग ते म्हणाले, "मंगल, तू ये." सकाळी तळ्यावरून आल्या, चपला काढल्या, दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि बसल्याच. एवढंच झालं होतं.

घाटनांदूरची एसटी धरून गावात पोचले तेव्हा दारापुढं सगळं गाव उभं होतं. आम्ही लिंगायत वाणी. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, आणि अक्का गल्ल्यावर बसायच्या तशाच ताठ बसलेल्या. आता कुणाला तरी म्हणतील, "काय पायजे बोल लवकर, खोळंबा करू नको." मी सगळ्या गावासमोर त्यांच्यावर ओरडले, "मला न सांगता का म्हनून गेल्या तुमी?" बायकांनी मला धरलं. तळ्याला लागून आमचं जे रान आहे, त्यात अक्कांना ठेवलं. आमचे पुरोहित जंगम, ते मंत्र म्हणत होते आणि माझं डोकं नुसतं तडकत होतं. थोरल्या जावेनं धाकटीला असं अर्ध्यात टाकून जायचं असतं का?

पण मला रडगाणं लिहायचं नाही. महिना होऊन गेला, रडून झालं. अक्का हरून गेलेल्या नाहीत, जिंकून गेल्या आहेत, आणि काय जिंकलं ते सांगायलाच मी बसले आहे. पेपरच्या या पुरवणीतल्या वाचकांना आमचं गाव माहीत असायचं कारण नाही. घाटनांदूरपासून जवळच, निजामाच्या काळात बांधलेल्या एका तळ्याच्या काठचं गाव. त्या तळ्यावर उन्हाळ्यात चित्रबलाकांची पिल्लं मोठी होतात, ती अक्कांमुळं. चित्रबलाक म्हणजे करकोच्याच्या जातीचा मोठा पांढरा पक्षी, पिवळी लांब चोच आणि शेपटीवर गुलाबी पिसांचा पदर. आधी आमच्या गावात त्यालाही बगळाच म्हणायचे. पांढरं आणि उंच दिसलं की बगळा, संपलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा अक्कांनी मला पहिलं वाक्य ऐकवलं ते, "रडायचं आसंल तर आत्ता रडून घे, दुपारी माल यायचाय." थोरले भाऊजी लवकर गेले. पोटी लेकरू नव्हतं. माहेरच्यांनी गाडी पाठवली, ती त्यांनी गुळाच्या ढेपी भरून परत लावली आणि गल्ल्यावर बसल्या. पुढं माझी उज्वला झाली. तिला मी जन्म दिला एवढंच. वाढली ती अक्कांच्या मांडीवर, वजनाच्या मापांशी खेळत. आमचं किराणा दुकान त्या काळात बघता बघता बदललं. गोण्या मागं गेल्या आणि पुढं शाम्पूच्या, चहाच्या, मसाल्याच्या पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या. मग अक्कांनी एसटीडीचा पिवळा डबा बसवला, गावातला पहिला. कुणाचा फोन आला की अक्का ओट्यावर उभ्या राहून हाक द्यायच्या, आणि चार गल्ल्या पलीकडचा माणूस हातातला घास टाकून पळत यायचा. त्यांच्या आवाजाला तारेची गरज नव्हती असं आमचे हे म्हणायचे.

त्या डब्यामुळंच सगळं सुरू झालं. अंबाजोगाईच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे वाघमारे सर सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून तळ्यावर पक्षी बघायला यायचे, आणि जाताना घरी फोन लावायला आमच्याकडं थांबायचे. एकदा ते डब्यात बोलत असताना त्यांची दुर्बीण काउंटरवर राहिली. अक्कांनी ती उचलून डोळ्याला लावली आणि पहिल्यांदा काय बघितलं असेल? समोरच्या वाण्याचं दुकान. "आगं मंगल, त्याच्या तेलाच्या डब्यात माशी पडलीय बघ, हितनं दिसती!" सर फोन ठेवून बाहेर आले, हसून हसून त्यांना ठसका लागला. म्हणाले, "अक्का, ही घेऊन एकदा तळ्यावर चला. तिथं माशीपेक्षा बरं काही दाखवतो." अक्का गेल्या. परत आल्या त्या वेड लागूनच आल्या. जेवताना घास हातात धरून मला म्हणाल्या, "मंगल, लाल पायाचं एक पाखरू हाय. काडीसारखे पाय. आगं, येवढ्या वर्सांत मला कुनी दाखवलंच न्हाई ग." मी म्हटलं, "तुमी कधी दुकानातून मान वर केली का?" त्यावर माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प आमटी वाढली.

त्यानंतर पहाट झाली की अक्का तळ्यावर. सरांनी आपली जुनी दुर्बीण त्यांनाच देऊन टाकली. नावं अशी पाठ केली की जशी गिऱ्हाइकांची उधारी पाठ असायची... शेकाट्या, चक्रवाक, अडई, थापट्या. हिवाळ्यात लांबून येणारे कलहंस दिसले की तो दिवस घरात सण. आणि मग गावातल्या माणसांना पाखरांची नावं पडू लागली. लांब टांगांचा पोस्टमन शेकाट्या झाला. आमचे सरपंच रंगनाथतात्या, ज्यांना आख्खं गाव नुसतं तात्या म्हणतं, ते वंचक झाले. "वंचक लई येळ गप हुबा ऱ्हातो आन् नेमका मासा उचलतो," अक्का तात्यांच्या तोंडावर सांगायच्या आणि तात्याही खूश व्हायचे. मी कोण, तर टिटवी. कारण नसताना ओरडते म्हणून. कारण नसताना म्हणे! त्या घरात कारणांची कधी टंचाई नव्हती.

आता तळं कसं आहे ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तळ्याच्या मध्यावर एक उंचवटा आहे. त्यावर बुटक्या, वेड्यावाकड्या बाभळी, आणि एका बाभळीखाली साती आसरा. आसरा म्हणजे पाण्याच्या देवी, शेंदूर फासलेले सात दगड. पावसाळ्यात उंचवट्याभोवती चहूकडून पाणी. उन्हाळ्यात पाणी उपसायच्या मोटारी लागतात, पाणी मागं सरतं आणि चिखल वाळला की चालत आसरांपर्यंत जाता येतं. चैत्र-वैशाखातल्या शुक्रवारी गावातल्या बायका दहीभाताचा नैवेद्य घेऊन जातात. पोर बाळंत झाली की तिलाही तिथं नेऊन पाया पाडायचं. आसरांचा मान राहिला नाही तर त्या ओल्या बाळंतिणीला धरतात, असं आमच्याकडं मानतात. मी मानते. कुणाला हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

अक्कांना दुर्बीण मिळाली त्याच वर्षी संक्रांत झाली आणि त्या बाभळींवर चित्रबलाक उतरले. काड्या आणू लागले. पिल्लं निघाली तसं अक्का मला ओढत घेऊन गेल्या. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. बांधावर छत्री धरून मला दुर्बीण दिली. घरट्यात आई पंख पसरून उभी होती, पिल्लांवर सावली पडावी म्हणून, आणि हलत नव्हती. बाप तळ्यातून चोच भरून पाणी आणून पिल्लांच्या अंगावर ओतत होता. "बघ," अक्का म्हणाल्या, "सासरी माझ्यासाठी कुनी येवढं केलं का?" मी म्हटलं, "मी केलं की. छत्री कोण आणली?" दोघी इतक्या हसलो की शेजारची टिटवी उडाली.

आणि मग पाणी मागं गेलं. शुक्रवार आला, आम्ही बायका वाळलेल्या चिखलातून आसरांना नैवेद्य ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी अक्का तळ्यावरून आल्या त्या दुकानात न जाता थेट चुलीपाशी येऊन बसल्या. तोंड पांढरं पडलेलं. गावची कुत्री आमच्या मागोमाग दहीभात खायला गेली होती. दहीभात संपला, वर बघितलं, तर उडी मारली की तोंडाला येतील एवढ्या खाली घरटी... अक्कांनी बांधावरून ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. पुढचे दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. थोरले भाऊजी गेले तेव्हाही त्यांनी दुकान उघडं ठेवलं होतं, पण त्या दिवशी फळ्या लावल्या. मला म्हणाल्या, "कुत्री काय वाईट न्हाईत ग. त्यांना वाट आपुन दावली."   मलाही त्या पंख पसरून उभ्या असलेल्या आईचं तोंड आठवत होतं.

तिसऱ्या दिवशी उठल्या त्या लुगड्याचा पदर खोचून. वाघमारे सरांना फोन लावून बोलावलं आणि दोघं तात्यांच्या वाड्यावर गेले. आमच्या तळ्यातला गाळ दर उन्हाळ्यात शेतकरी ट्रॅक्टरनं, बैलगाडीनं नेतात. काळाभोर गाळ रानात पडला की दोन साल खत बघायला नको. तो नेताना प्रत्येक जण सोयीची जागा बघतो, रस्त्याकडच्या काठाची. अक्कांचं म्हणणं एकच होतं. गाळ हवा तेवढा न्या, पण उंचवट्याभोवती गोल फिरून न्या, म्हणजे आपोआप खोल चर पडेल. तळं आटलं तरी चरात पाणी राहील आणि कुत्रं पलीकडं जाणार नाही. रस्त्याकडचा उथळ काठ तसाच ठेवा, लहान पाखरं तिथं चिखलात खातात. चर केवढा खोल हवा आणि उतार कसा सोडायचा ते सरांनी जमिनीवर काडीनं काढून दाखवलं.

तात्या म्हणाले, "अक्का, बगळ्यांसाठी चर खांदला म्हनून मला लोक हसत्याल."

"हसू द्या. वरचा गाळ समदेच नेत्यात, खालचा जुना गाळ कुनाच्या रानात पडनार? तुमच्याच. ज्वारी डोक्याच्या वर गेली की मंग तुमी हसा."

तात्या बराच वेळ गप्प उभे राहिले, वंचकासारखे. मग म्हणाले, "ट्रॅक्टर उद्यापासनं लावतो." चरातल्या पाण्याला मोटार लावायची नाही, हेही अक्कांनी त्यांच्याकडून तिथंच कबूल करून घेतलं. पाखरं निघून गेल्यावर, मृगाआधी, सगळं गाव त्या कामाला लागलं. जत्रा असावी तसं. ट्रॅक्टर, बैलगाड्या, टोपली घेतलेल्या बाया, आणि मध्ये अक्का छत्री फिरवत हुकूम सोडताहेत. चर असा सुरेख झाला की लोक संध्याकाळी नुसते बघायला जायचे. आणि त्या सगळ्या शहाण्या लोकांनी मिळून एक गोष्ट केली. चर खणत खणत गोल आले आणि शेवटी एक पट्टा तसाच ठेवला, बैलगाडी जाईल एवढा. का? तर आसरांकडं जायला वाट नको का! कुणाला विचारायची गरजसुद्धा वाटली नाही. तात्यांनी ठेवला, आसरांची पूजा करणाऱ्या कोंडाबाईंनी वाखाणला, मीही म्हटलं की बरं झालं बाई. अक्कांच्यासुद्धा ध्यानात आलं नाही. पुरुषांनी तर वाटेच्या दोन्ही कडांना दगड लावून ती पक्की केली.

पाऊस चांगला झाला. वाट पाण्याखाली गेली आणि सगळे विसरले. संक्रांतीनंतर चित्रबलाक आले, आधीपेक्षा जास्त आले. सर म्हणाले, चराचं पाणी ओळखून आले. त्याच वर्षी उज्वला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. घरात डिंकाचे लाडू, तळ्यावर पिल्लं, आणि अक्कांचे पाय जमिनीवर नव्हते. चैत्र लागला, मोटारी सुरू झाल्या, पाणी उतरलं. चर भरलेला राहिला, अगदी ठरवल्यासारखा. आणि त्या चरातून हळूहळू दगडी कडांची ती वाट वर आली. पहिल्या शुक्रवारच्या आधीच दोन कुत्री वाटेच्या तोंडाशी येऊन बसलेली अक्कांनी बघितली. दहीभाताचा दिवस कुत्र्यांना कळतो.

अक्का घरी आल्या आणि म्हणाल्या, "वाट तोडावी लागती."

माझ्या हातातलं ताट खाली पडलं. खोटं नाही. उज्वलाला नववा लागला होता, आणि ही बाई आसरांची वाट तोडायला निघाली होती. मी अशी भांडले की आजवर भांडले नव्हते. म्हटलं, "अक्का, माझी पोर अवघडलेली हाय. पुढच्या साली तोडा, मी सोता कुदळ धरते."

"पिल्लांना पुढचं साल न्हाई ग."

"तुमाला पाखरं जास्ती झाली का उजू?"

हे ऐकून त्या खाली बसल्या.  मग म्हणाल्या, "उजू तुझी येकटीची हाय व्हय, मंगल?" आणि उठून गेल्या. आजही सांगते, मी भिले त्यात माझं काही चुकलं नाही. आईनं भ्यायचं नाही तर कुणी भ्यायचं?

शुक्रवारी तळ्याकाठी सगळ्या बायका जमल्या. गावात बातमी आधीच पसरली होती, म्हणून पुरुषही बांधावर उभे होते. तात्या चुळबुळत होते, बायकांच्या देवाच्या भानगडीत त्यांना पडायचं नव्हतं. कोंडाबाई सगळ्यांत वडील, आसरांची पूजा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात. त्या वाटेच्या तोंडावर काठी टेकून उभ्या राहिल्या. "गंगाबाई," त्यांनी अक्कांना नावानं हाक मारली, जी गावात दुसरं कुणी मारत नसे, "वाट तोडशील तर माझ्यावरनं जा."

अक्कांच्या एका हातात दहीभाताचा द्रोण होता आणि दुसऱ्या हातात कुदळ. मला वाटलं आता आवाज चढणार. नाही चढला. त्या म्हणाल्या, "कोंडाबाई, मला येक सांगा. आसरा कशाच्या?"

"पान्याच्या. ते काय इचारायचं?"

"मंग आपुन काय करतो? दर उन्हाळ्यात मोटारी लावून त्यांच्या पायाखालचं पानी वढतो. त्यांना कोरड्यात बसवतो. मंग कोरड्या वाटंनं जाऊन दहीभात ठेवतो, त्यो बी कुत्रं खातं. कोप व्हायचाच आसंल तर त्यो ह्याचा व्हईल, का चारी बाजूनं पानी फिरवल्याचा व्हईल?" आणि मग बायकांकडं वळून, "ज्यो काय कोप व्हईल त्यो माझ्यावर. मी आसरांना तसं सांगून आले. आन् ज्या घरात पोर अवघडलेली हाय, त्याच घरची मी हाय. मला फिकीर न्हाई आसं समजू नगा."

 बाभळीवर एक पिल्लू चोच वाजवत ओरडत होतं. कोंडाबाईंनी उंचवट्याकडं बघितलं, मग चरातल्या पाण्याकडं. त्यांच्या मनात काय आलं देव जाणे. काठी उचलली आणि बाजूला झाल्या. म्हणाल्या, "पान्याच्या बाया पान्यात ऱ्हातील. तोड."

अक्कांनी वाटेवर हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि कुदळ मारली.  दुसरी कुदळ, तिसरी. वर्षभर पाण्याखाली मुरलेली माती मऊ झाली होती, पण दगड काही हटेनात. तेव्हा तात्यांनी धोतर खोचलं आणि खाली उतरले. त्यांच्या मागं सगळेच उतरले. मी नाही उतरले. मी घरी आले, देवापुढं बसले आणि उज्वलाच्या डोक्यावर हात ठेवून राहिले. पण दुपारी ह्यांनी येऊन सांगितलं की चराच्या दोन्ही टोकांचं पाणी एकमेकांत मिसळलं, तेव्हा कोंडाबाईंनी दहीभाताचा द्रोण पाण्यावर सोडला. द्रोण डोलत डोलत मध्यावर गेला आणि मासे त्याच्याभोवती उसळले. अक्का म्हणाल्या म्हणे, "बघा, पहिल्यांदा आसरांच्या तोंडात घास गेला."

त्यानंतर अक्का आणि मी एका घरात राहून बोलत नव्हतो. स्वयंपाक व्हायचा, ताटं वाढली जायची, शब्द नाही. उज्वलाला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. मी घाबरून नुसती आतबाहेर करत होते, आणि अक्कांनी एसटीडीच्या डब्यातून फोन करून जीप दारात आणली सुद्धा. अंबाजोगाईच्या दवाखान्यात व्हरांड्यात बाकाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला त्या. ह्या बाईच्या ओठांतून सारखा मंत्र चाललेला. गळ्यातलं लिंग मुठीत असं धरलेलं की बोटं पांढरी. तेव्हा मला कळलं की वाट तोडली त्या दिवसापासून ही बाई झोपलेली नाही. नर्स बाहेर आली, म्हणाली, "मुलगी झाली. दोघी छान आहेत." मी काही बोलायच्या आत अक्का ढसाढसा रडू लागल्या. थोरले भाऊजी गेले तेव्हा जे रडल्या नव्हत्या ते सगळं तिथं त्या बाकावर रडल्या. मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "आता तरी बोलशील का माझ्याशी?" मी म्हटलं, "न्हाई." आणि त्यांच्या गळ्यात पडले.

वैशाख सरता सरता पिल्लांनी पंख मारायला सुरुवात केली. घरट्याच्या काठावर उभी राहायची, उड्या मारायची, पुन्हा बसायची. आख्खं गाव बांधावर. ज्यांना बगळा आणि करकोचा यातला फरक कळत नव्हता ते पैज लावत होते की पहिलं कोण उडणार. कुत्री चराच्या अलीकडं बसून नुसती बघत होती. आणि एका सकाळी एक पिल्लू उडालं. धडपडत, पाय लोंबवत, बाभळीवरून सुटलं ते चर ओलांडून उथळ काठावर येऊन उतरलं, आणि आपण काय केलं ते त्याला स्वतःलाच कळलं नाही. तात्यांनी डोक्यावरची टोपी आभाळात फेकली. "उडालं बे! उडालं!" असं गावचा सरपंच लहान पोरासारखा ओरडत होता. मागोमाग दुसरं, तिसरं... वाघमारे सर चष्मा पुसत होते, तो कोरडाच होईना. आणि अक्का? जिनं आयुष्यात कुणाला गुळाचा खडा वरचा दिला नाही, तिनं घरी येऊन दुकानातली ढेप फोडली आणि गूळखोबरं सगळ्या गावात वाटलं. मी म्हटलं, "अक्का, बारसं तर अजून व्हायचंय." त्या म्हणाल्या, "व्हायचं ते व्हऊ दे. हे लई लेकरांचं हाय."

सव्वा महिन्यानं उज्वलाला बाळाला घेऊन काठावर नेलं. द्रोण पाण्यावर सोडला, तिथूनच पाया पडली. तेव्हापासून आमच्या गावातल्या बाळंतिणी काठावरूनच पाया पडतात, आणि आता नवीन सुनांना वाटतं हे असंच पहिल्यापासून आहे. वन खात्याची माणसं आली, पाटी लावून गेली. बीडहून, लातूरहून दुर्बिणी गळ्यात घातलेली माणसं येऊ लागली, बीडच्या रस्त्यावर मांजरसुंब्याला चहा पिताना तिथले लोक त्यांना आमच्या तळ्याची वाट सांगू लागले. दरवर्षी पाखरं गेली की अक्का चर साफ करून घ्यायच्या, गाळ रानात जायचा, आणि दरवर्षी ज्वारी खरोखरच डोक्याच्या वर जायची. कुणी शहरातलं त्यांचं कौतुक करू लागलं की त्या म्हणायच्या, "मी काय केलं? गाळ काढला." पण चेहरा असा फुललेला असायचा की बघत राहावं. खोटी नम्रता त्यांना मुळीच जमत नसे.

परवा ग्रामपंचायतीत बैठक झाली. अक्कांच्या आठवणीसाठी गावानं काही करावं म्हणून तात्यांनीच बोलावली होती. मीही गेले. तात्यांनी डोळे पुसत सांगितलं की सगळं ठरलं आहे. तळ्याच्या काठापासून आसरांपर्यंत सिमेंटचा पक्का रस्ता करायचा, दोन्ही बाजूंनी कठडे, तोंडाशी कमान, कमानीवर अक्कांचं नाव. बाहेरून येणाऱ्यांना पाखरं जवळून बघता येतील, म्हाताऱ्या बायकांना आसरांपर्यंत जाता येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. चांगली माणसं हो सगळी, अक्कांवर जीव टाकणारी. ज्यांनी धोतर खोचून ती वाट तोडायला कुदळी मारल्या, तीच आता मायेपोटी ती बांधायला निघाली होती, अक्कांच्याच नावानं.

मी उठले. बायका बैठकीत बोलत नाहीत आमच्याकडं, अक्का सोडून. मी ओरडलेच. "तात्या, त्या बाईनं जीव मुठीत धरून ती वाट तोडली. माझी पोर नवव्या महिन्यात आसताना तोडली. आन् तुमी तिच्या नावाची कमान लावून कुत्र्यांना सिमेंटची वाट करून देता व्हय? नाव लावायचं आसंल तर त्या पान्याला लावा!"

  खिडकीतून तळं दिसतं, तात्यांनी तिकडं बघितलं. बाभळींवर या वर्षीचे चित्रबलाक उतरू लागले आहेत, चोचीत काड्या घेऊन ये-जा चालली आहे. मग तात्या ग्रामसेवकाकडं वळले आणि म्हणाले, "ठराव लिवा. गंगाबाईंच्या आठवनीसाठी तळ्यात कुनीबी, कंदीबी, वाट बांधायची न्हाई."

हात वर करा म्हणाले. पहिला हात माझा होता.